‘ळ’ कुठंय?

टिळक रस्त्यावरच्या त्या दुकानात एसी जरा जास्तच होता. बाहेर ऑक्टोबरचं ऊन, मंडई स्टेशनपासून चालत आल्यामुळे पाठीला चिकटलेला कुडता आणि दार ढकलताच अंगावर आलेला तो गारवा. टेबलावर ओळीनं उघडे ठेवलेले लॅपटॉप, सगळ्यांच्या पडद्यावर एकच निळं फूल उमललेलं. नवरा किमतीच्या चिठ्ठ्या वाचत पुढं सरकला. मी दुकानातल्या मुलाला नेहमीचे प्रश्न विचारायला लागले, रॅम किती, वॉरंटी किती वर्षांची, सोबत बॅग मिळते का. लेक मात्र पहिल्याच लॅपटॉपपाशी थांबली होती. तिनं एक कोरं पान उघडलं होतं आणि दोन्ही तर्जन्या बटणांवरून फिरवत ती काहीतरी शोधत होती, तांदळातला खडा शोधावा तशी. मग मान वर न करताच तिनं विचारलं, “दादा, यात ळ कुठंय?”

“कुठला ळ?”

“टिळक रोडमधला.”

मुलगा चांगला होता. तो तिच्याजवळ आला, बटणांकडं बघितलं आणि म्हणाला, “मराठी बटणांवर नसतं गं. पण आता टाइप करायची गरजच नाही. हे बघ.” त्यानं शेजारचा टॅबलेट उचलला, माइकची खूण दाबली आणि म्हणाला, “टिळक रोडवर आज खूप गर्दी आहे.” वाक्य पडद्यावर उमटलं, ळ सकट, एकही चूक नाही. नवऱ्याला ते फार आवडलं. मलाही आवडलं, खोटं कशाला बोलू. लेकीनं मान डोलावली, पण टॅबलेट हातात घेतला नाही. “बोलून नको,” ती अगदी हळू म्हणाली. “बोललं की सगळ्यांना ऐकू जातं.”

त्या दिवशी आम्ही काहीच न घेता परत आलो.

मेट्रो शिवाजीनगरनंतर जमिनीवर येते तेव्हा डब्यात अचानक उजेड होतो आणि सगळे एकदम खिडकीबाहेर बघतात. त्या उजेडात मी लेकीकडं बघत होते. बारा वर्षांची, सातवीतली. आमचं बोपोडीतलं घर वन बीएचके. हॉलमध्ये माझ्या आईची कॉट, तिच्या पायथ्याशी लेकीचं फोल्डिंगचं टेबल, आत एक बेडरूम, बाल्कनीत वॉशिंग मशीन. लोकल गेली की भांडी किंचित थरथरतात. या घरात कुणी बोलेल आणि दुसऱ्याला ऐकू जाणार नाही अशी जागा नाही. आम्ही नवरा-बायको भांडलो तरी हळू आवाजात भांडतो. त्या घरात एका मुलीनं ‘माझी आजी’ या विषयावर निबंध मोठ्यानं बोलून लिहायचा, आणि आजी चार फुटांवर शेंगा सोलत बसलेली. कसा लिहील ती? आजी रात्री झोपेत कुणाला तरी हाका मारते, हे ती कसं लिहील? इतके दिवस आम्ही टॅब की लॅपटॉप यावर डोकं खपवत होतो, पण ती हे यंत्र घेऊन कुठं बसणार आणि तिथून तिचं काय काय बाहेर ऐकू जाणार, हा प्रश्न आम्हा दोघांपैकी कुणालाच पडला नव्हता.

यंत्र घ्यायचं ठरलं ते शाळेच्या ग्रुपमुळे. प्रकल्पाची पीडीएफ पाठवा, नकाशा पाठवा, अमुक व्हिडिओ बघून पाच प्रश्नांची उत्तरं लिहा. घरात संध्याकाळी येणारा मोबाइल एकच, माझा, आणि मी भोसरीहून घरी पोचते साडेसातला. मग ती वहीची पानं फरशीवर ठेवून फोटो काढायची. प्रत्येक फोटोत पानावर तिच्याच डोक्याची सावली. मध्येच वर्कशॉपमधून कुणाचा तरी बिलाबद्दल फोन यायचा आणि तिचा अर्धा पाठवलेला प्रकल्प तसाच लटकायचा. “आई, झालं का तुझं?” हे वाक्य मी गेल्या दोन वर्षांत जितकं ऐकलं तितकं दुसरं कुठलंच ऐकलं नसेल.

नवऱ्याचं मत टॅबलेटच्या बाजूनं होतं आणि ते अविचारी नव्हतं. स्वस्त पडतो, पलंगावर बसून वाचता येतो, चार्जिंग टिकतं, पडला तरी कव्हर असतं. मी त्याला म्हटलं, आधी आठवडाभर बघू, ती खरोखर काय काय करते. एका जुन्या डायरीत मी रोज लिहीत गेले. अकरा वेळा तिनं काहीतरी वाचलं किंवा पाहिलं. चार वेळा फोटो काढून पाठवला. दोनदा गणिताची उत्तरं सोडवून पाठवली. सलग काही लिहिलं ते फक्त तीन वेळा. त्या हिशेबानं टॅबलेटच जिंकतो, आणि मी तो हिशेब लपवून ठेवला नाही. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर पीडीएफमध्ये मिळतात, पण मोबाइलवर ते पान वाचायचं म्हणजे बोटानं डावीकडं-उजवीकडं ओढत एकेक ओळ पकडायची. दहा-अकरा इंची टॅबलेट उभा धरला की अख्खं पान चित्रांसकट समोर येतं. गणितासाठी तर तो लॅपटॉपपेक्षा सरसच. पेनानं काचेवर अपूर्णांक लिहिता येतो, त्रिकोण काढता येतो. लॅपटॉपवर एक साधं वर्गमूळ लिहायला मोठी माणसंसुद्धा रडकुंडीला येतात. ज्यांची मुलं लहान आहेत, ज्यांना मुख्यतः वाचायचं आणि बघायचं आहे, त्यांना मी आजही टॅबलेटच सांगेन. आणि चौथीच्या आतल्या मुलाला स्वतःचं असं काहीच नको, आईबापाचा मोबाइल आईबापासमोर पुरतो, हेही सांगेन.

पण त्या डायरीतले ते तीन वेळा मला सोडेनात. त्यातला एक निबंध होता. तो तिनं माझ्या मोबाइलवर लिहिला होता, इंग्रजी अक्षरं टाकून मराठी करणाऱ्या त्या पद्धतीनं. मी शेजारी बसून बघितलं होतं. ती एक शब्द टाकायची, वर तीन-चार शब्द सुचवलेले यायचे, आणि तिला हवा असलेला त्यात नसला की ती क्षणभर थांबायची आणि जो आला असेल त्यावरच बोट ठेवायची. ‘हिरमुसली’ असं लिहायचं होतं तिथं ‘नाराज झाली’ आलं. मी विचारलं तर म्हणाली, “तो शब्द येत नव्हता गं, मग हाच घेतला.” पाचवीत असताना तिच्या पुस्तकांत प्रत्येक धड्यामागं ‘माझी नोंद’ म्हणून कोरी पानं होती. २०२३ साली ती आली, पुढं बंद झाली. इतर मुलांनी त्यावर शुद्धलेखनाचे शब्द लिहिले. हिनं एका पानावर लिहिलं होतं, ‘मला हा धडा आवडला नाही कारण त्यात सगळे लगेच चांगले होतात.’ ते पान मी फाडून जपून ठेवलंय. वही-पेनात तिला शब्द कुणी सुचवत नाही, त्यामुळे ती तिच्याच शब्दांनी लिहिते. तेच यंत्रावर होईल का, एवढंच मला बघायचं होतं.

मग लॅपटॉपची बाजू बघायला लागले. त्यात डोकं घातल्यावर कळलं की स्वस्त लॅपटॉप म्हणून जे समोर ठेवतात त्यात बरीच मेख असते. चार जीबी रॅमवर विंडोज अकरा चालू होतं, कंपनीच्या कागदावर तेवढं पुरेसं म्हणून लिहिलेलंही असतं, पण एक पीडीएफ आणि एक ब्राउझर उघडला की ते दमतं. आठ जीबी असावी. साठवणुकीला एसएसडी आहे की ईएमएमसी हे आवर्जून विचारावं. दुसरा प्रकार मोबाइलमधल्यासारखा सावकाश, आणि बऱ्याच लॅपटॉपमध्ये पुढं बदलता न येणारा. जुना लॅपटॉप कुणी देत असेल तर तो कुठल्या पिढीचा ते बघावं, कारण विंडोज दहाला कंपनीकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर अकरासाठी चालत नाहीत. नव्या लॅपटॉपचे आकडे ऐकून आमचा जीव दडपला. तेव्हा वर्कशॉपमधल्या एका मुलानं सांगितलं, “ताई, रिफर्बिश्ड बघा. हिंजवडीच्या कंपन्या तीन-चार वर्षांनी सगळे एकदम बदलतात. दणकट असतात ते.”

बुधवार पेठेतल्या एका जिन्याखालच्या दुकानात तो मिळाला. आठव्या पिढीचा, आठ जीबी, एसएसडी, चौदा इंची, साडेएकोणीस हजार. दुकानदारानं बॅटरी किती झिजलीय तो अहवालही पडद्यावर काढून दाखवला. जुनं यंत्र घेताना तो मागायलाच हवा हे मी आधीच शिकून गेले होते. पाठीवर कुठल्याशा कंपनीच्या मालमत्ता क्रमांकाची चिठ्ठी खरवडून काढलेली होती, तिचा चिकटपणा अजून बोटाला लागत होता. बटणांवरून हात फिरवला. खोल, मऊ, दाबल्याचं बोटाला कळेल अशी बटणं. आणि त्यातली ए, एस, ई झिजून गुळगुळीत झालेली, अक्षरं जवळजवळ पुसलेली. कुणीतरी तीन-चार वर्षं रोज यावर लिहिलं होतं. कसल्या कसल्या मेल, रजेचे अर्ज, राजीनामा सुद्धा असेल. मला ते पुसलेलं बघून बरं वाटलं. नव्या कोऱ्या यंत्राला हात लावताना लेक घाबरली असती.

आता राहिला ळ.

मला लाज वाटते ती याची, की मी पुण्यात जन्मले, गणेशखिंडीतल्या सीडॅकच्या पाट्या लहानपणापासून बसमधून बघितल्या. १९८८ साली ती संस्था इथं सुरू झाली, १९९१ साली परम ८००० हा महासंगणक इथं तयार झाला, तो आमच्या शाळेत सामान्यज्ञानाचा हमखास प्रश्न होता. पण त्याच संस्थेत भारतीय भाषा संगणकावर आणायचंही काम झालं, आणि इनस्क्रिप्ट नावाची एक बटणांची मांडणी बहुतेक भारतीय लिप्यांसाठी ठरवली गेली, १९९१ मध्ये तिला सरकारी मानकात जागा मिळाली, हे मला चाळिशीत कळलं. आणि ती मांडणी विकत आणायची नसते. विंडोजच्या सेटिंगमध्ये भाषा म्हणून मराठी घेतली की ती मिळते. टिळक रस्त्यावरच्या त्या लॅपटॉपमध्येही ळ होता. त्या दादाला, मला, माझ्या नवऱ्याला, तिघांनाही ते माहीत नव्हतं. मी वीस वर्षं संगणकावर बसते, टॅलीवर लाखांचे हिशेब करते, पण मराठी म्हटलं की माझ्या डोक्यात अजून ते दिवस, जेव्हा एका मशीनवर केलेली लग्नपत्रिका दुसऱ्या मशीनवर उघडली की नुसते चौकोन आणि विचित्र खुणा दिसायच्या. सगळ्या मशीनवर अक्षरं सारखीच ओळखली जावीत म्हणून केलेलं युनिकोड आल्यापासून तो त्रास गेला. माझ्या मनातून मात्र गेला नव्हता. मराठी हाताने लिहायची आणि इंग्रजी टाइप करायची, अशी वाटणी मी न ठरवताच करून टाकली होती आणि लेकीच्याही पदरात तीच घालायला निघाले होते.

मांडणीचा तक्ता छापून आणला आणि हॉलच्या भिंतीवर लावला. मला अक्षरांच्या चिठ्ठ्या बटणांवर चिकटवायच्या होत्या. आई कॉटवरून म्हणाली, “चिठ्ठ्या नको लावू. बटणांकडं बघायची सवय लागली की जन्मभर जात नाही.”

आईला या गोष्टीत बोलायचा हक्क आहे हे मी विसरून गेले होते. ती १९७३ साली एका सरकारी कचेरीत टंकलेखिका म्हणून लागली आणि २००९ मध्ये निवृत्त झाली. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम झाला १९६४ साली. त्यानंतर कारभार मराठीत यायला लागला आणि मराठी टाइप येणाऱ्या मुलींना नोकऱ्या मिळायला लागल्या. शनिवार पेठेत लाकडी जिन्याचा एक टायपिंग क्लास होता, तिथं ती पहाटे जायची, मग घरचं पाणी भरायची, मग कॉलेज. तिच्याकडून ऐकलेला तो क्लास मला स्वतः बघितल्यासारखा आठवतो. दहा-बारा मशिनी, तेलाचा आणि रिबनच्या शाईचा वास, भिंतीवर तक्ता, आणि खुर्चीत पेपर वाचत बसलेले सर. सर पेपरातून मान वर काढायचे नाहीत, नुसत्या आवाजावरून म्हणायचे, “तिसऱ्या मशीनवर कोण आहे? करंगळी आळशी आहे तुझी.” मराठी तीस, इंग्रजी चाळीस. मिनिटाला इतके शब्द. ते आकडे तिच्या पिढीच्या मुलींनी पदवीसारखे मिरवले. लिपिक-टंकलेखकाच्या भरतीत ते आकडे आजही विचारतात, आणि त्याची परीक्षा घेणारी परीक्षा परिषद पुण्यातलीच.

लहानपणी शाळा लवकर सुटली की मी तिच्या कचेरीत जायचे. तिचं टेबल खिडकीशी. डाव्या हाताला साहेबांनी लिहून दिलेला कच्चा मसुदा, उजव्या हाताला कार्बनच्या तीन-तीन प्रती. ती मसुद्याकडं बघायची, कागदाकडं कधीच नाही. ओळ संपली की घंटी वाजायची आणि ती डाव्या हातानं कॅरेज सरकवायची, केस मागं सारावेत इतक्या सहज. मला वाटायचं माझी आई किती लिहिते. मोठी झाल्यावर कळलं की त्या छत्तीस वर्षांत तिनं स्वतःचं एक वाक्यही त्या मशीनवर लिहिलं नव्हतं. कागद मोजून मिळायचा. कार्बन मोजून मिळायचा. बदल्या, नोटिसा, कारणे दाखवा, सगळे दुसऱ्यांचे शब्द तिच्या बोटांतून जात राहिले. नव्वदच्या दशकाच्या शेवटी कचेरीत संगणक आला तो तरुण मुलांच्या टेबलावर ठेवला गेला. तिला कुणी नको म्हणालं नाही. कुणी बसही म्हणालं नाही. हे तिनं मला एकदाच सांगितलं होतं, भाजी निवडताना, आणि लगेच विषय बदलला होता.

चिठ्ठ्या न लावता लॅपटॉप टेबलावर ठेवला तेव्हा लेक म्हणाली, “आजी, तू करून दाखव ना आधी.”

आईनं पदराला हात पुसले. बसली. पाठ ताठ, मनगटं उचललेली, बोटं बटणांवर अलगद. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, आणि हात एकदम बावीस वर्षांच्या मुलीचे. मग तिनं भराभर काहीतरी मारलं आणि पडद्यावर भलतंच उमटलं. तिची बोटं जुन्या रेमिंग्टन टाइपरायटरच्या मांडणीवर चालली होती. अक्षरं इथं दुसऱ्याच जागी. तिनं चष्मा लावला, भिंतीवरचा तक्ता बराच वेळ वाचला. “हे शहाणपणाचं आहे,” म्हणाली. “काना-मात्रा डाव्या हाताला. व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. आणि क च्याच बटणावर शिफ्ट धरून ख, त वर थ, प वर फ. म्हणजे बाराखडी येत असेल त्याला हे पाठ करायला नकोच.” मग ती सावकाश मारायला लागली. एकेक अक्षर. पहिला शब्द जमला. दुसऱ्या शब्दाला अडली. पडद्यावर ठिपक्यांचा एक रिकामा गोल आला आणि त्याला पहिली वेलांटी लटकलेली. तिनं खोडलं, पुन्हा मारलं, पुन्हा तोच गोल.

चूक शोधली ती लेकीनं. “आजी, तू वेलांटी आधी देतीयेस. आधी व, मग वेलांटी.”

“वेलांटी आधीच येते की. डावीकडं असते ती.”

“दिसते आधी. पण म्हणताना व आधी म्हणतो ना आपण?”

आई थांबली. तोंडातल्या तोंडात ‘वि’ म्हणून बघितलं. मशीनवर वेलांटी आधी मारावी लागायची, कारण कागदावर ती अक्षराच्या डावीकडं असते आणि कागद उजवीकडून डावीकडं सरकत असतो. यंत्राला कान नव्हता. इथं उच्चारात जे आधी ते आधी. छत्तीस वर्षं डोळ्याच्या क्रमानं चाललेला हात कानाच्या क्रमावर आणायला तिला तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी घरी आले तर दोघी टेबलाशी. आईनं मला बोलावून दाखवलं, पूर्ण ओळ, एकही चूक नाही. ‘उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की,’

आणि पुढं काही नाही. स्वल्पविरामाशेजारी ती उभी रेघ लुकलुकत होती.

“पुढं काय लिहू?” आईनं विचारलं. विनोद नव्हता तो. तिला खरंच माहीत नव्हतं. मी काही बोलू शकले नाही. लेक म्हणाली, “कळवायचं ते कळव ना,” आणि आई म्हणाली, “बघू, सुचलं की,” आणि उठून देवापाशी दिवा लावायला गेली. ती ओळ मी पुसली नाही. फाइल तशीच आहे.

लेकीला ळ पहिल्याच दिवशी सापडला होता. इंग्रजी एनच्या बटणावर ल आहे, शिफ्ट धरून तेच दाबलं की ळ. तिनं मग अर्धं पान भरून ळ चे शब्द लिहिले. टिळक, बाळ, काळोख, उन्हाळा, जांभूळ, आभाळ, वेंधळी. एफ आणि जे या बटणांवर जे बारीक उंचवटे असतात तिथं मराठीत पहिली वेलांटी आणि र येतात, हे तिनं डोळे मिटून मला दाखवलं. काचेवर ते उंचवटे नसतात. टॅबलेटवरही ही मांडणी घेता येते, वेगळा कीबोर्ड जोडता येतो, हे मला ठाऊक आहे, आणि आमच्याकडं तोच आला असता तरी आकाश कोसळलं नसतं. पण घरी तो कीबोर्ड जोडला गेला असता का, की कपाटात राहिला असता? मी माझ्या घराला ओळखते.

सगळं छान झालं असंही नाही. लॅपटॉप गरम होतो. वाचायचं असलं की ती अजून माझा मोबाइल मागते, कारण पोटावर पडून लॅपटॉप वाचता येत नाही. गणिताचे फोटो अजून फरशीवरच निघतात, डोक्याच्या सावलीसकट. नवरा एकदा म्हणाला, “टॅब घेतला असता तर हे सगळं सुटलं असतं,” आणि ते खरं आहे. आणि बोलून लिहिण्याला मी नावं ठेवणार नाही. मेट्रोत उभी असताना मी स्वतः बोलूनच निरोप पाठवते. वर्कशॉपमधले एक काका आहेत, त्यांना अक्षर जुळवताना फार त्रास होतो, माइक आल्यापासून ते गावाकडं मुलीला रोज चार ओळी लिहितात. एखाद्या मुलासाठी तीच खरी वाट असेल. माझ्या लेकीची ती नव्हती, आणि हे तिनं दुकानात एका वाक्यात सांगितलं होतं.

माझ्या मनात दुसरीच एक टोचणी आहे. लिहिताना ती आता पडदा भिंतीकडं वळवते. मी पाणी द्यायला गेले की बोट खिडकी बदलणाऱ्या बटणांवर जातं. इंटरनेटवर ती काय बघते यावर माझं लक्ष असतं, असायलाच हवं, तसं आम्ही बोलून ठरवलंय. पण ‘वही’ नावाचं जे फोल्डर आहे ते मी उघडायचं नाही, हेही ठरलंय. दोनदा माझा हात तिथपर्यंत गेला. एकदा ती शाळेत होती आणि मी लाइट बिल भरायला लॅपटॉप उघडला होता. फोल्डरवर बाण नेऊन ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. मग बिल भरलं आणि झाकण मिटलं.

परवा गुरुवार होता. भोसरीला गुरुवारची सुट्टी, म्हणून मी घरी. दुरुस्तीसाठी वीज सकाळपासून गेलेली. लेक एकच्या सुमारास शाळेतून आली, जेवली आणि टेबल उचलून बेडरूममध्ये घेऊन गेली. दार लोटून घेतलं. लॅपटॉपला चार्ज होता. हॉलमध्ये मी आणि आई, मध्ये सुपात वालाच्या शेंगा. पंखा बंद, फ्रिज बंद, खालची पिठाची गिरणी बंद. घर इतकं शांत मी क्वचित ऐकलंय. लोटलेल्या दारामागून बटणांचा आवाज येत होता, थांबत थांबत. पाच-सहा पटापट, मग काहीच नाही. मग एकच. मग खोडल्यासारखे एकाच लयीत सात-आठ.

आई शेंग सोलता सोलता थांबली. मान थोडी तिरकी केली, डोळे मिटले.

“शब्द वेगळे वेगळे यायला लागलेत तिचे,” म्हणाली. “डावी करंगळी जरा मागं राहते अजून. काना-मात्रेचा हात आहे तो, त्याला काम जास्त.”

“काय लिहीत असेल गं?” मी विचारलं.

“ते कसं ऐकू येईल,” आई म्हणाली, आणि पुढची शेंग उचलली.